"बॅग आणू नका" म्हणणाऱ्या ट्रेकवाल्यांपासून सावध राहा

पाटणादेवी ते कन्हेरगड, एका दिवसाचा ट्रेक. माणशी १४५० रुपये आणि बुटांचं डिपॉझिट ५०० वेगळं. जळगावहून बस, नाश्ता, जेवण, वनविभागाचं प्रवेश शुल्क, विमा आणि "संपूर्ण ट्रेकिंग किट" हे सगळं त्यातच मिळणार, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या पोस्टरवर लिहिलं होतं. पैसे भरल्यावर मेसेज आला, त्यात एक ओळ ठळक होती: स्वतःची बॅग आणू नये, बसमध्ये जागा नाही, साहित्य पायथ्याला मिळेल. मी, माझा भाचा आणि मेहुणे असे तिघं गेलो. सगळी फसवणूक त्या एका ओळीवर उभी होती, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

जागेबद्दल तक्रार नाही, उलट प्रत्येक खान्देशी माणसाने जावं अशी ती आहे. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा औट्रामघाट अभयारण्याला लागून चंडिकादेवीचं, म्हणजेच पाटणादेवीचं, हेमाडपंती मंदिर आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख इथलाच. कन्हेरगडाच्या अंगावर नागार्जुन लेणं आणि सीतेची न्हाणी आहे. चढ जीवघेणा नाही. पण पोळा होऊन गेला की आपल्याकडचं ऊन दमट होतं, घाम वाळत नाही, आणि तिथे पाणी नि बूट या दोनच गोष्टी माणसाला सांभाळतात.

पायथ्याला टेम्पोतून पिशव्या उतरल्या. प्रत्येकाला पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, बिस्किटाचा पुडा, पातळ प्लास्टिकचा रेनकोट, "ओआरएस" लिहिलेला पेयाचा खोका आणि बूट. दिवसभराला एक लिटर पाणी! जास्त मागितलं तर "वर मिळेल" असं उत्तर. वर काहीच नव्हतं. वाटेत शेळ्या चारणाऱ्या एका बाबांनी विचारलं, "तुमना जोडे पानी कितलं शे?" (तुमच्याजवळ पाणी किती आहे?) आम्ही बाटल्या दाखवल्या, तर त्यांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी आमच्या गटातल्या लहान पोरांना दिलं. पैसे घेऊन आम्हाला आणणारा तोवर गटाच्या पुढे निघून गेला होता.

खोक्यातलं पेय प्यायल्यावर बरोबरच्या एका वहिनींना मळमळायला लागलं, पायांत गोळे आले. ते ओआरएस नव्हतंच, गोड सरबत होतं. खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. हे आकडे पुडीवर छापलेले असतात, तेवढे वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात "ओआरएस" वापरायला मनाई केली, तरी जुना माल कुठे खपवला जाईल याचा भरवसा नाही. औषधाच्या दुकानातून पुडी घ्या आणि पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, अर्ध्या बाटलीत नाही.

बुटांचा तर मला अजून संताप येतो. वरून चकचकीत, नवे वाटावेत असे. उतरताना भाच्याच्या बुटाचा तळ आधी टाचेकडून सुटला, मग चक्क भुगा होऊन पडला. मुरमावर घोटा मुरगळला. पुढे बूट दुरुस्त करणाऱ्यांना दाखवले तेव्हा कारण कळलं. पॉलियुरेथेनचा तळ न वापरता नुसता पडून राहिला तरी दमट हवेने आतून कुजतो. जुना पडून असलेला माल पॉलिश करून दिला होता. बूट हातात आला की अंगठ्याने तळ दाबा, चवड्याशी वाकवा, शिवणीजवळ भेगा दिसतात का पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. प्रथमोपचाराच्या डब्यात ताण गेलेलं क्रेप बँडेज आणि रिकामा स्प्रे निघाला. शेवटी मेहुण्यांच्या उपरण्याने घोटा बांधला.

प्रवेश शुल्क गेटवर आमच्याकडून पुन्हा घेतलं गेलं. विम्याचा कागद कोणीच पाहिला नाही.

परत आल्यावर डिपॉझिट मागितलं, तर "बूट तुम्ही खराब केले, डिपॉझिट जप्त" असा मेसेज आला. मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं केलं, आणि दोन दिवसांत नंबर बंद. पैसे गेले होते ते एका माणसाच्या खाजगी खात्यावर, संस्थेच्या नाही.

तेव्हा आगाऊ पैसे देण्याआधी विचारा: पाणी माणशी किती लिटर? बूट कुठले, घालून कधी बघता येतील? विम्याच्या पॉलिसीचा नंबर काय? बिल कोणाच्या नावाने? "किट मिळेल" एवढंच उत्तर आलं तर तिथेच थांबा. आणि कोणी काही म्हणो, आपली पिशवी पाठीवर असू द्या: तीन लिटर पाणी, दशम्या आणि ठेचा, गूळ-शेंगदाणे, दोन केळी, टोपी, विजेरी, चांगलं क्रेप बँडेज, ओआरएसच्या पुड्या, रोजची औषधं. बूट स्वतःचे, पायात मुरलेले. बसमध्ये जागा नसेल तर मांडीवर ठेवा.

फसवणूक झालीच तर पोस्टर, मेसेज आणि यूपीआयची पावती यांचे स्क्रीनशॉट ग्रुप बंद होण्याआधी काढा. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. आम्ही तुटलेला बूट, सरबताचा खोका आणि भाच्याच्या एक्स-रेचं बिल जपून ठेवलं आहे. तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. त्याच ट्रेकला आलेल्यांनी आपापली तक्रार वेगळी द्यावी, डिपॉझिट ५०० रुपयांचंच होतं म्हणून सोडून देऊ नये.