धनकवडीतलं गॅरेज आणि ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल

माझी गाडी २०१६ ची, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक, ९४,००० किलोमीटर झालेली. वारज्याहून हडपसरच्या शाळेत रोज जाते-येते, म्हणजे निम्मा वेळ गर्दीत सरपटणं. शिवाय महिन्यातून दोनदा खंबाटकी चढून साताऱ्याला आईकडे. दिवाळीपासून सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी क्षणभर थांबायची आणि मग धक्का द्यायची.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं." शेवटी मॅन्युअल काढून नीट वाचलं. नेहमीच्या तक्त्यात खरंच बदलायचं लिहिलेलं नाही. खडतर वापराच्या तक्त्यात मात्र आहे. आपलं उन्हातलं ट्रॅफिक आणि घाट त्यातच बसतात. जर्मनीची झेडएफ तर गिअरबॉक्सच बनवते, आणि तीही स्वतःच्या ऑटोमॅटिकचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. माझा गिअरबॉक्स त्यांचा नाही, पण तापून तापून ऑइल कुठलंही खराब होतंच.

धनकवडीतल्या गॅरेजवाल्या दादांनी आधी ऑइल भरायचा नट सुटतो का ते पाहिलं, मगच खालचा सोडला. वरचा अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. लाल असायचं ते ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. धातूची झीज पकडायला आत चुंबक असतं, त्यावर करडा लगदा होता. "ताई, एवढा चालतो. तुकडे असते तर आज ऑइल भरलंच नसतं." मापात ३.२ लिटर आलं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून १,००० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदललं. मशीनने फ्लश करायला, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल एकदम बाहेर काढायला, त्यांनी साफ नकार दिला, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचे सीलबंद डबे माझ्यासमोर उघडले, नवा वॉशर टाकला, आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत लावली.

दोन्ही वेळचे मिळून ९,४०० रुपये. पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. दुपारी देतो म्हणालेली गाडी पहिल्या वेळी संध्याकाळी सातला मिळाली, हे खटकलं.

रिव्हर्सचा धक्का गेला. थंड गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना किंचित अडखळते, ते अजून आहे. तरी मी हे काम पुन्हा करणार, तेही ५०,००० किलोमीटरच्या आतच. आकडा लिहून बॉनेटखाली चिकटवलाय.