दोन टनी पिकअप की टाटा ४०७? उतरवता येणाऱ्या कॅम्परसाठी कोकणात कोणती गाडी घ्यावी

कॅम्परची पेटी, म्हणजे गाडीच्या हौद्यावर चढवायची आणि हवी तेव्हा जॅकवर उतरवायची राहती खोली, आधी कागदावर बांधा, गाडी नंतर बघा. उलट केलंत तर पेटी हौद्यात मावते, पण गाडीला झेपत नाही, आणि ते कळतं थेट आंबोलीच्या चढावर.

हिशेब असा. नऊ फूट लांब, पावणेसहा फूट रुंद, सव्वासहा फूट उंच पेटीला भिंती, छत आणि तळ धरून २७ चौरस मीटर पॅनेल लागतं. दोन्हीकडे अर्धा मिमी पत्रा असलेलं ४० मिमीचं पफ (फोम भरलेलं) पॅनेल चौरस मीटरला साधारण १० किलो भरतं, म्हणजे २७० किलो. सांगाड्याला ४०×४०×२ मिमी चौकोनी पाइप ६० मीटर, त्याचे १४०. तळाला १८ मिमी मरीन प्लाय ६०, पलंग-कपाटं-ओटा १२०, पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. बॅटरी, सौर पॅनेल, फ्रिज, छोटा एसी आणि गॅस मिळून १४०. उतरवायचे चार जॅक ६०, अंथरूण-भांडी-सामान १५०. बेरीज १,०४० किलो. पेटी ठरवल्यापेक्षा हलकी कधीच होत नाही, तेव्हा ११५० धरून चाला.

या एका आकड्याने चार दारांच्या ४×४ पिकअप यादीतून जातात. दिसायला रुबाबदार, पण हौदा पाच फुटांचा आणि इतका भार वाहायला त्या बनवलेल्याच नाहीत. पुळणीवर गाडी घालायचा मोह असेल तर तो आत्ताच सोडा. ओल्या वाळूत रुतलेली तीन टनांची गाडी भरतीच्या आत निघेलच असं नाही, मग ४×४ असो वा नसो.

उरतात दोघी. एक, एकेरी केबिनची जड पिकअप. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.० आणि टाटा योद्धा २.०, दोन्हींची भारक्षमता कंपन्या दोन टन सांगतात. दुसरी, टाटा ४०७ किंवा त्या वर्गातला हलका ट्रक, एकूण वजन साडेचार टनांच्या आसपास. ४०७ रस्त्यावर आहे १९८६ पासून, तिचा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतोच. पिकअपचंही तेच. मासळी आणि आंबा वाहणाऱ्या निम्म्या गाड्या याच, त्यामुळे सुट्या भागांसाठी कुणी अडून बसत नाही.

वजनात दोघी पास. फरक पडतो तो पेटी उंच आणि सतत चढवलेली असल्याने. आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप परतताना रिकामी येते, कमानपाट्यांना उसंत मिळते. कॅम्पर सहा-सहा महिने उतरवला नाही तर पाटे बसतात, गाडी मागून झुकते, दिव्यांचा झोत झाडांवर जातो. ४०७ चे पाटे जाड, मागे जोडटायर, म्हणून वळणावर पेटी डुलते ती कमी. पिकअप घेणार असाल तर घरी उभी असताना जॅक लावून भार निम्मा तरी उचलून ठेवा. कॅम्पर उतरवता येण्याचा खरा फायदाही पिकअपवालाच घेतो: एप्रिल-मेमध्ये पेटी अंगणात जॅकवर, गाडी आंब्याला.

जोडटायरची दुसरी बाजूही बघा. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर दोन टायरांच्या मधे दगडाचा तुकडा अडकतो आणि आतल्या टायरची कड कापतो. थांबल्यावर हात घालून बघण्याची सवय लागते. पिकअपची मागची चाकं पुढच्या चाकोरीतूनच जातात, म्हणून चिखलात ती कमी झगडते.

रुंदीचा प्रश्न मात्र गावागणिक बदलतो. वाडीतल्या रस्त्याला दोन्हीकडे दगडी कुंपणाचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या, त्यातून घरात गेलेल्या विजेच्या तारा. मुक्काम वाडीत करायचा असेल तर सर्वांत अरुंद जागी टेप लावून माप घ्या, तेही आरसे उघडे धरून. पेटी चढवल्यावर पिकअपची उंची साधारण २.७ मीटर होते, ४०७ ची सहज त्याहून वीतभर जास्त. वीतभर ऐकायला थोडं वाटतं, पण छतावरचं सौर पॅनेल तेवढ्यानेच फांदीला लागतं.

आता जंगलजेटी, म्हणजे खाडीपार गाड्या नेणारी फेरीबोट. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, दिघी–आगरदांडा: किनाऱ्याने जायचं तर फेरीबोट टळत नाही. ओहोटीला बोटीचा फाळका धक्क्यापेक्षा खाली उतरतो, उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा भाग आधी घासतो. मागचा बंपर जमिनीपासून ४५ सेंमी आणि लोंबता भाग १.२ मीटर असेल तर सुमारे २० अंश मोकळे मिळतात. तोच भाग १.८ मीटर झाला की १४ अंश. नियमाप्रमाणे हा भाग चाकांतराच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे तीन मीटर चाकांतरावर १.८ मीटर. आरटीओत पास होणारी गाडी धक्क्यावर अडकू शकते ती अशी. आखूड चाकांतराच्या ४०७ वर लांब पेटी चढवू नका. पेटी लांब हवी तर चाकांतरही लांब घ्या.

लोंबत्या भागात काय ठेवता तेही महत्त्वाचं. १०० लिटरची टाकी मागच्या धुरेच्या १.२ मीटर मागे बसवली तर तीन मीटर चाकांतराच्या गाडीत पुढच्या धुरेवरून ४० किलो कमी होतात. वर पलंगाखालचं सामान, मागे टांगलेली स्टेपनी. पावसात करूळ घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. टाकी आणि बॅटरी केबिनलगत, गादी-कपडे मागे. पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या धुरेच्या पुढेच पडला पाहिजे. खात्री करायला वजनकाट्यावर आधी नुसती पुढची चाकं चढवा, मग नुसती मागची.

पेटी बसवायची रीत दोघींची वेगळी. पिकअपच्या हौद्यात फाळके ठेवून पेटी सरकवता येते: खाली ८–१० मिमी रबराची चटई, कारण दमट हवेत रंगवलेला पत्रा साबणासारखा निसरडा होतो, चार टर्नबकल (फिरवून आवळायचे ताण), तेही हौद्याच्या पत्र्याला न धरता चासीवर बोल्ट केलेल्या पट्ट्यांना. ४०७ वर सपाट प्लॅटफॉर्म असेल तर पेटी चारही कोपऱ्यांत आवळायची चूक होते. शिडीसारखी चासी खड्ड्यात पिळली जाते, पेटी पिळायला तयार नसते, आणि पहिली भेग दाराच्या वरच्या कोपऱ्यातल्या सीलंटला तिरकी जाते. तीन टेकू द्या, त्यातला एक स्प्रिंगवर. तपासणी सोपी आहे: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक १५ सेंमीच्या ठोकळ्यांवर चढवा. दार अडलं तर बांधणी चुकली. चासीला वेल्डिंग आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक, या दोन गोष्टी फॅब्रिकेटर कितीही आग्रहाने सांगो, करू देऊ नका.

कागदपत्रांत एकच मुद्दा निर्णय फिरवतो. पेटी सामान म्हणून बांधलेली असेल तर चालत्या गाडीत तिच्यात कुणी बसायचं नाही. माणसं आरसीवरच्या आसनसंख्येइतकीच, आणि एकेरी केबिनच्या पिकअपमध्ये ती बहुधा चालक आणि एक. मूल असेल तर प्रश्न तिथेच मिटतो: तीन आसनं आरसीवर असलेली ४०७ घ्या. फाळके काढणं किंवा पेटी कायमची जडवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे. कायमच्या मोटर कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं मानक लागू होतं. कापाकापीच्या आधी आपल्या आरटीओकडून लेखी उत्तर घ्या. परवान्याची अडचण नाही, साडेसात टनांपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पक्कं केलं.

थोडक्यात निवडायचं तर दोघांनी पिकअप घ्यावी. तिघं असतील किंवा महिनाभराचे मुक्काम करायचे असतील तर लांब चाकांतराची ४०७. पावसाळ्यात सौर पॅनेलचा भरवसा धरू नका, ३० अँपिअरचा डीसी चार्जर अल्टरनेटरवर घ्या; तीन तास गाडी चालली की साधारण ९० अँपिअर-अवर भरतात. मोठ्या ट्रकात २४ व्होल्ट असतात, चार्जर त्याप्रमाणे.

जुनी घेताना मासळीची गाडी स्वस्त मिळते. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर गळलेलं असतं, रंग मात्र ताजा. मागच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळ लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोलणं करा. भद्द वाजलं किंवा पापुद्रा निघाला तर किंमत विचारूच नका.