मार्कर ग्रिफन डेमो बाइंडिंग: इंदूरहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

स्वतःची स्की मागवली, बूटही आले आणि आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी खटकी, कुठे बसवायचं यावर घोडं अडलंय, अशा इंदूरकरांनी रुळावर सरकणारं डेमो बाइंडिंगच घ्यावं. त्यात मार्करचं ग्रिफन डेमो आम्हाला पसंत आहे. डिन, म्हणजे पडल्यावर बूट किती जोराला सुटावा याचा आकडा, ४ ते १३, म्हणजे बहुतेक प्रौढांना पुरतं. साध्या ग्रिफनमध्ये भोकं पडली की जागा कायमची ठरते. इथे पुढचा आणि मागचा दोन्ही भाग सरकतात.

जागेचा प्रश्न येतो तो स्कीचा खरा मध्य आणि कंपनीने छापलेली रेघ वेगळी असल्यामुळे. ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या उतारांसाठीच्या) स्कीवर ती रेघ मध्याच्या साधारण ५ ते १० सेंमी मागे असते, पार्क (उड्या आणि कसरतींसाठीच्या) स्कीवर ० ते ३ सेंमी. बुटाच्या तळव्यावरची मध्यखूण या रेघेवर आणायची. बूट पुढे घेतला की मागची बाजू लांबते, उलटं घसरणं आणि हवेत गिरक्या घेणं सोपं जातं. पण टोक आखूड होऊन भुसभुशीत बर्फात बुडतं. मागे घेतला तर टोक तरंगतं, मात्र वळणं जड होतात.

गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या उतारांवर जायचं असेल, तर खोल बर्फ गृहीत धरा. ऑल-माउंटन स्की रेघेवरच ठेवा. पार्क स्की रेघेच्या १ ते २ सेंमी मागे घ्या. मध्यावर बसवलेली स्की तिथे फार दमवते. २ सेंमीपलीकडे जाऊ नका, कारण स्कीची कंबर (मधली अरुंद जागा) आणि कमान त्या रेघेभोवतीच आखलेली असते.

सरकवताना आकड्यांची गफलत हमखास होते. दोन्ही भागांवरचे आकडे तळव्याच्या लांबीचे आहेत आणि लांबी १० मिमी वाढली की प्रत्येक भाग फक्त ५ मिमी हलतो. म्हणून ३१५ मिमीचा बूट १ सेंमी मागे न्यायचा तर पुढचा भाग २९५ वर आणि मागचा ३३५ वर. नेमका आकडा मिळाला नाही तर जवळची खाच घ्या. एकच भाग हलवला तर बूट एक तर बसणार नाही, नाही तर सैल राहील. दर वेळी बूट अडकवून मागच्या भागाचा दाब-दर्शक (बुटावर पुरेसा दाब आहे का ते दाखवणारा) खुणेत आहे ना, हे पाहायचंच.

बसवण्याचं काम इंदूरमध्ये चांगला सुतार करू शकतो, पण हाती भोकांच्या जागा दाखवणारा साचा द्यावा लागतो. साध्या ग्रिफनचा कागदी साचा चालत नाही, डेमोची भोकं वेगळी असतात. छापताना प्रिंटर आकार कमी करतो; पट्टीने मोजल्याशिवाय चिकटवू नका. भोक ९ मिमी खोल. बिट ३.६ मिमीचं; धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं, आणि आटे पाडणारा टॅपही. स्कीवर माप छापलेलं असेल तर तेच खरं. सियागंज बाजारात बिट शोधाल तेव्हा खोली अडवणारी कडी विसरू नका, तिच्याशिवाय बिट थेट तळातून बाहेर येतं. प्रत्येक भोकात थेंबभर पाण्याला टिकणारा गोंद, नाही तर गाभ्यात पाणी शिरून लाकूड कुजतं. स्क्रू पॉझीड्राइव्ह ३ नंबरचे आहेत. फिलिप्स पेचकस लावला की डोकं घासलं जातं, आणि ड्रिल मशीनने आवळले तर गाभ्यातले आटे उडतात. शेवटचे फेरे हातानेच.

ब्रेक (बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या दांड्या) स्कीच्या कंबरेइतका किंवा १५ मिमीपर्यंत रुंद घ्या. ९८ मिमीच्या स्कीला १०० किंवा ११० चा.

उणिवाही आहेत. साध्या ग्रिफनपेक्षा हे जड आहे, बूट बर्फापासून जरा उंच राहतो आणि रूळ झिजले की किंचित खुळखुळतं. ज्यांची जागा पक्की ठरलेली आहे आणि रोज पार्कमधल्या लोखंडी रेलवर उड्या मारायच्या आहेत, त्यांनी साधंच घ्यावं. तळवा फार आखूड किंवा फार लांब असेल तर रुळाच्या टोकाशी सरकायला जागा कमी उरते, तेही आधी मोजा.

डिन मात्र सुताराकडून किंवा अंदाजाने लावून घेऊ नका. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत धरून ते ठरतं, आणि सुटण्याची चाचणी यंत्रावर प्रशिक्षित माणसानेच करायची असते. बूट बदलला की पुन्हा.