जावातून कॉटलिनकडे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जावामध्ये लिहिलेले एक जुने अँड्रॉइड अ‍ॅप मी गेले नऊ महिने टप्प्याटप्प्याने कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेत आणत आहे. गूगलने या भाषेला २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये तिला प्राधान्य दिले. तेव्हा माझा निर्णय धाडसी नव्हता, झाला असेल तर उशीरच.

सर्वाधिक अपेक्षा नल-सुरक्षेकडून, म्हणजे नलमुळे (मूल्यच नसल्यामुळे) होणारे क्रॅश टाळणाऱ्या सोयीकडून होती. ज्या व्हेरिएबलमध्ये नल येऊ शकतो त्याच्या टाइपपुढे प्रश्नचिन्ह द्यावे लागते आणि तपासल्याशिवाय ते वापरले तर कोड कंपाइल होत नाही. क्रॅश खरोखर कमी झाले, पण संपले नाहीत. काही ठिकाणी दोष माझाच होता, कारण आपोआप झालेल्या रूपांतराने पेरलेली दुहेरी उद्गारचिन्हे (‘इथे नल नाहीच’ अशी हमी देणारी खूण; हमी खोटी ठरली की क्रॅश) मी तशीच राहू दिली होती. उरलेल्या क्रॅशचे मूळ मात्र जावाच्या सीमेवर सापडले. जावाच्या मेथडवर नल येऊ शकतो की नाही हे सांगणारे अ‍ॅनोटेशन (कोडवरची खूण) नसेल, तर तिथून येणाऱ्या मूल्याबाबत कंपायलर (कोड तपासून त्याचे रूपांतर करणारा प्रोग्राम) तपासणीची सक्ती करत नाही. शिवाय जेसन (सर्व्हरकडून माहिती येते ते स्वरूप) वाचणारी आमची जुनी लायब्ररी कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या नेहमीच्या कोडला) वळसा घालून ऑब्जेक्ट तयार करत असे, त्यामुळे सर्व्हरने न पाठवलेले फील्ड नल म्हणून निमूटपणे आत शिरे आणि अ‍ॅप भलत्याच स्क्रीनवर कोसळे. कॉटलिनचे स्वतःचे सिरियलायझेशन (जेसन आणि ऑब्जेक्ट यांतील रूपांतर) वापरू लागल्यापासून तीच चूक जेसन वाचतानाच उघडी पडते.

कोरुटिनमुळे, म्हणजे मध्येच थांबून पुढे चालू होऊ शकणाऱ्या कामांमुळे, एकात एक अडकलेले कॉलबॅक (काम संपल्यावर चालणारी फंक्शन) गेले आणि कोड वरून खाली वाचता येऊ लागला. मात्र रद्द होण्याची क्रिया इथे एक्सेप्शनच्या (चालू काम तोडणाऱ्या त्रुटीच्या सूचनेच्या) रूपाने घडते, हे मला फोन तापल्यावर कळले. दर मिनिटाला माहिती आणणाऱ्या लूपमध्ये मी सरसकट सगळी एक्सेप्शन पकडून फक्त लॉग करत होतो. स्क्रीन बंद होऊन कोरुटिन रद्द झाले, तरी ती सूचना माझ्याच कॅच ब्लॉकने गिळली आणि पुढचा प्रत्येक डिले (ठराविक वेळ थांबण्याचा आदेश) न थांबता लगेच एक्सेप्शन देऊ लागल्याने लूप बेफाम फिरत राहिला. आता कॅन्सलेशनएक्सेप्शन, म्हणजे रद्द झाल्याचे एक्सेप्शन, पकडले, की ते पुन्हा फेकतो. सगळी एक्सेप्शन पकडणाऱ्या रनकॅचिंग या फंक्शनमध्येही हाच धोका आहे.

सील्ड क्लाससोबतचे (ज्याचे सगळे प्रकार आधीच ठरलेले असतात अशा क्लाससोबतचे) व्हेन, म्हणजे प्रकारानुसार शाखा निवडणारी रचना, उत्तम आहे. फक्त ‘बाकी सगळे’ पकडणारी एल्सची शाखा लिहिण्याचा मोह टाळावा, नाहीतर नवी स्थिती वाढवल्यावर कंपायलर गप्प राहतो.

रूपांतराची सुरुवात मी दिसायला सोप्या स्क्रीनपासून केली. आज करायची झाली, तर सर्व्हरची उत्तरे वाचणारा थर आधी घेईन, कारण आमच्या अ‍ॅपमध्ये नल मुख्यतः तिथूनच येत होता.