नौपाड्यातलं एमआरआय सेंटर : बंद जागेत घाबरणाऱ्यांनी नक्की वाचा

मानेचा एमआरआय करायला सांगितला होता, डाव्या हाताच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येत होत्या म्हणून. हे सेंटर नौपाड्यात आहे, ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. रिव्ह्यू लिहायचं कारण म्हणजे तिथली टेक्निशियन मुलगी. मशीन काय, सगळीकडे असतंच.

आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते, नाव नको. तिथे तोंडावर तो पिंजऱ्यासारखा साचा लावला, मशीनच्या नळीत सरकवलं आणि दोन मिनिटांत मी हातातला रबरी फुगा दाबला, बाहेर काढा हे सांगायला देतात तो. बाहेर काढलं, पाणी दिलं, परत आत, परत फुगा. माणसं वाईट नव्हती हो, पण तिघं जण तीनदा एकच सांगत होते, काकू काही होत नाही, लहान मुलं पण करतात, पॉझिटिव्ह विचार करा. आता छातीत धडधडत असताना पॉझिटिव्ह विचार आणायचा कुठून? आणि लहान मुलं करतात म्हटल्यावर तर अजूनच लाज वाटली. घरी येताना रिक्षात रडले. हे काही बोलले नाहीत, नुसता हात धरून बसले.

पंधरा दिवस टाळलं, मग मैत्रिणीने इथलं सांगितलं. फोनवरच मी आधी काय झालं ते बोलले तर त्यांनी सकाळची पहिली वेळ दिली, तेव्हा घाई नसते म्हणून. आणि तिथे त्या मुलीने मला आत नेण्याआधी मशीनसमोर खुर्चीत बसवलं आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. घाबरू नका असं एकदाही म्हणाली नाही. आधी विचारलं, नक्की कशाची भीती वाटली काकू? मी म्हटलं आवाजाची, आणि आता बाहेर पडता येणार नाही याची.

मग तिने मला मशीनच्या मागे नेलं. मला माहितीच नव्हतं की ती नळी मागूनही उघडी असते! आत दिवा असतो, पंखा असतो. यांच्या मशीनचं तोंड ७० सेंटीमीटरचं आहे, बरीच जुनी मशीन्स ६० ची असतात, तिथे जास्त कोंडल्यासारखं होतं म्हणाली. आवाजाचं असं सांगितलं की आत तारांची वेटोळी असतात, त्यातून करंट भराभर चालू बंद होतो, भोवती एवढं मोठं चुंबक, त्यामुळे ती वेटोळी हादरतात, स्पीकर वाजतो तो पण याच तत्त्वावर. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो म्हणून कानात बोळे घालायलाच लागतात. म्हणजे काहीतरी बिघडलंय म्हणून तो आवाज नाही, आवाज येतोय म्हणजे फोटो निघतोय. मी पहिल्या वेळी नेमकं उलटं समजत होते, प्रत्येक ठोक्याला वाटायचं की आता हे माझ्यावर कोसळणार.

आणि मग विचारलं, काकू लोकलने जायचात का? मी वीस वर्षं डोंबिवली ठाणे केलंय, तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ चा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब, लेडीज डब्यात हात हलवायला जागा नाही, अंधार, कानठळ्या बसवणारा खडखडाट, आणि आम्ही आत मटार सोलत असायचो. तिथे कधीच भीती वाटली नाही, कारण पलीकडे मुंब्र्याचा उजेड येणार हे ठाऊक होतं. ती म्हणाली मग हे तेवढंच समजा, फक्त इथे गर्दी नाही. मला हे इतकं पटलं की काय सांगू.

त्या पिंजऱ्यावर एक छोटा आरसा तिरका लावला. झोपल्या झोपल्या वर बघितलं की डोळ्यांसमोर छत नाही, स्वतःचे पाय आणि त्यापलीकडे काचेमागे बसलेली ती मुलगी दिसते. असा आरसा असतो हे आधीच्या ठिकाणी कोणी सांगितलंच नाही, तिथे होता का नव्हता देव जाणे. प्रत्येक वेळी माईकवर सांगायची, काकू आता चार मिनिटांचं, गिळू नका. एक आवाज तर अगदी लहानपणी दारावर यायची त्या पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईसारखा, टक टक टक टक, मी आईच्या ओट्यावर जाऊन बसले मनाने. पंचवीस मिनिटं झाली आणि फुगा हातात तसाच.

भीती गेली असं नाही म्हणणार, मधे एकदा घसा आवळल्यासारखा झाला होता, तेव्हा आरशात बघत राहिले. आणि ज्यांना एवढं करूनही जमत नाही त्यांनी स्वतःला कमी समजू नका, झोपेचं औषध देऊन करतात, काही ठिकाणी बाजूने उघडं मशीनही असतं, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बाकी, बसायला खुर्च्या कमी आहेत, पार्किंग नाहीच, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. एसी फार गार, पायावर पांघरूण मागून घ्या, देतात. पण पेशंटला माणूस समजून दहा मिनिटं देणं हे मला या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं, म्हणून माझ्याकडून पाचपैकी पाच.

पाचव्या सहाव्या मणक्यातली गादी सरकलीय, फिजिओथेरपी चालू आहे. बायकांनो, जोडवी घरूनच काढून जा, माझी निघता निघेना, शेवटी त्याच मुलीने बेसिनपाशी साबण लावून काढून दिली.