कॅमेऱ्याचं कार्ने: आठ महिने हाताळल्यावर

आमच्या मराठी प्रवासमालिकेच्या तेरा भागांसाठी आम्ही पाच जण 2025 मध्ये मेर्सिन ते लंडन रस्त्यानं गेलो. तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया, हंगेरी आणि पुढे फ्रान्सपर्यंत. गाडी आमचीच, एमएच 12 ची, न्हावाशेव्याहून जहाजानं मेर्सिनला पाठवलेली. सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. कॅमेऱ्यांबद्दल आणि गाड्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. कार्ने स्वतः वापरून मराठीत लिहिलेलं मात्र निघण्याआधी शोधूनही मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एटीए कार्ने म्हणजे सामानाचा पासपोर्टच. कॅमेरे, लेन्स, माइक परदेशात नेऊन तेवढेच परत आणणार, विकणार नाही, याची हमी देणारं पुस्तक. 1961 च्या ब्रुसेल्स करारातून ते आलं. ते असलं की करारातल्या प्रत्येक देशात आयात शुल्क किंवा अनामत भरावी लागत नाही. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते, मुदत एक वर्ष. मुखपृष्ठ हिरवं, आपल्या देशातून निघण्या-परतण्याची पानं पिवळी, परदेशात शिरण्या-निघण्याची पांढरी, नुसतं ओलांडून जायचं असेल तर निळी. अधिकारी शिक्का मारतो, व्हाउचर फाडून ठेवून घेतो आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. आठ महिन्यांनी सांगते, ती स्थळप्रत हाच तुमचा पुरावा. बाकी सगळं हरवलं तरी चालेल.

खरं काम यादीचं. प्रत्येक वस्तूचं नाव, अनुक्रमांक, वजन, किंमत आणि ती कुठल्या देशात बनली, हे सगळं लागतं. आमची यादी 64 ओळींची झाली. लेन्सच्या कडेवरचे बारीक नंबर मोबाइलनं फोटो काढून, मोठे करून वाचले. वजनासाठी गल्लीतल्या किराणा दुकानाचा काटा दुपारी दोन तास मागून घेतला. दुकानदारकाका एकेक लेन्स साखरेच्या पुडीसारखी अलगद पारड्यात ठेवत होते आणि मी लिहून घेत होते. अंदाजानं वजन लिहू नका. यादी एकदा मंजूर झाली की तिच्यात भर घालता येत नाही. त्यातलं काही मागे ठेवून बाकीचं नेता येतं, तेव्हा व्हाउचरवर नेलेल्या वस्तूंचेच क्रमांक लिहितात.

हे मी मुंबई विमानतळावर शिकले. यादीत 19 नंबरला ट्रायपॉडचं हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा वरचा भाग, होतं. अधिकाऱ्यांनी तेच उघडायला सांगितलं, आणि नंबर जुळेना. स्टुडिओत एकसारखी दोन हेड आहेत, भरताना अदलाबदल झाली होती. चूक सर्वस्वी माझी. 19 वगळून शिक्का मिळाला, हेड घरी परत गेलं आणि इस्तंबूलमध्ये भाड्यानं दुसरं घ्यावं लागलं. ते तुर्कस्तान सोडण्याआधी परत करायचं होतं, त्यामुळे बल्गेरियातलं पहिलं चित्रीकरण हातात गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) धरून झालं. आता प्रत्येक पेटीच्या झाकणावर आतून तिची यादी चिकटवते आणि नंबर मोठ्यानं वाचून भरते.

दुसरी गोष्ट पानांच्या हिशोबाची. देश मोजू नका, कस्टम्सच्या हद्दी मोजा. युरोपीय संघ ही एकच हद्द. बल्गेरियात शिक्का घेतला की जर्मनीपर्यंत परत नको. पण आम्ही सोफियाहून बेलग्रेडला जाणार होतो, म्हणजे संघाच्या बाहेर, आणि हंगेरीत पुन्हा आत. तुर्कस्तान, संघ, सर्बिया, पुन्हा संघ, ब्रिटन असे पांढऱ्या पानांचे पाच संच लागले. मी दोन जास्तीचे घेतले होते. वापरले नाहीत, तरी पुढच्या वेळीही घेणार. एखादा रस्ता बंद झाला तर वळसा घालता आला पाहिजे.

व्हिसालाही हेच गणित. बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून जमिनीवरच्या सीमांसह पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या समाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे, म्हणून तिथले दिवसही 180 दिवसांतल्या 90 मध्ये मोजले जातात. सर्बियानं भारतीयांची व्हिसामाफी 2023 च्या सुरुवातीला काढून घेतली, पण चालू शेंगेन व्हिसावर जाता येतं. मात्र तो अनेक प्रवेशांचा हवा, नाहीतर बेलग्रेडहून पुढे वाटच नाही. सुरुवातीच्या आराखड्यात इराणही होता. तिथं गाडीचं वेगळं कार्ने सक्तीचं आणि चित्रीकरणाला वेगळी परवानगी. तो भाग आम्ही फेब्रुवारीतच काढून टाकला, आणि जूनमध्ये तिथं इस्रायलशी युद्ध झालं ते पाहता बरंच झालं.

सीमेवर काय होतं ते कापिकुलेचं सांगते. तुर्कस्तानातून बल्गेरियात जाण्याचा हा मोठा नाका. रात्री साडेअकराला पोहोचलो. प्रवासी गाड्यांच्या रांगेत कार्नेचा शिक्का मिळत नाही, त्यासाठी ट्रकांच्या बाजूच्या इमारतीत जावं लागतं, हे खिडकीशी गेल्यावर कळलं. ट्रकचालकांच्या रांगेत मी एकटी बाई, हातात हिरवं पुस्तक. मागच्या चालकानं माझा कागद पाहिला, काही न बोलता मला पुढे उभं केलं आणि खिडकीतल्या माणसाला हाक मारली. शिक्का मिळाला. पलीकडे बल्गेरियाच्या अधिकाऱ्यानं पूर्ण यादी वाचली, 27 आणि 41 दाखवा म्हणाला. टॉर्चच्या उजेडात लेन्सचा नंबर जुळला तेव्हा किराणा दुकानातली ती दुपार कारणी लागली. निघायला पावणेतीन वाजले. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात प्रत्येक नाक्याला अर्धा दिवस द्या आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आमच्या दिग्दर्शकाला हे पटायला दोन नाके लागले.

एका सीमेवर मात्र गडबड झाली. पहाटेची वेळ, मागे भोंगे, पोलिसानं हातानं पुढे जा अशी खूण केली आणि आमच्या चालकानं गाडी काढली. निघण्याचा शिक्का राहिला. पुढच्या देशाचा शिरण्याचा शिक्का त्याच दिवसाच्या तारखेचा होता, तो मी फोटो काढून जपून ठेवला. ऑक्टोबरात त्या देशाकडून विचारणा आली: सामान बाहेर गेल्याचा पुरावा द्या. पुढच्या शिक्क्याची प्रत पाठवली आणि अजून तरी पुढे काही आलेलं नाही. अशी मागणी कार्नेची मुदत संपल्यावरही वर्षभरात येऊ शकते, म्हणून घरी आल्यावरही कागद टाकू नका.

सगळ्यात महाग पडलेला धडा वेगळाच. बेलग्रेडमध्ये आमच्या कॅमेरामनच्या वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा फोन आला. तो त्याच रात्री निघाला, पण त्याचा स्वतःचा कॅमेरा आमच्याकडेच राहिला, कारण पुस्तक एकच आणि सामान पुस्तकाबरोबरच फिरतं. वडील बरे झाले, पण दोन महिने त्याचा कॅमेरा त्याच्याजवळ नव्हता आणि त्याची हातची दोन कामं गेली. ज्याचं सामान स्वतःचं आहे त्याचं कार्ने वेगळं काढा. खर्च वाढतो, वाढू द्या.

वाटेत विकत घेतलेलं यादीत बसत नाही, हेही लक्षात ठेवा. बुडापेस्टला चित्रण साठवायची जागा संपली म्हणून दोन एसएसडी घेतल्या, त्यांची बिलं वेगळी सांभाळावी लागली. 98 वॉट-तासाच्या सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातूनच न्याव्या लागतात, पण यादीत त्यांचीही ओळ हवी.

गाडीचं कार्ने वेगळं असतं, मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. युरोपात ते क्वचितच कोणी पाहिलं. त्याचं खरं काम गाडी भारतात परत आणताना. तुर्कस्तानात गाडी ज्याच्या पासपोर्टवर नोंदली जाते त्यानं तिच्याशिवाय देश सोडायचा नसतो, म्हणून मालकालाच चालक म्हणून न्या. मागे भारताचं अंडाकृती आयएनडी स्टिकर लावा.

कॅलेला फ्रान्सचा शिक्का आठवणीनं मागितला. डोव्हरला उतरल्यावर एम 20 महामार्गानं अ‍ॅशफर्डजवळच्या सेव्हिंग्टनला जाऊन ब्रिटनचा घेतला. हे दोन शिक्के ब्रेक्झिटनंतर लागायला लागले.

ऑगस्टमध्ये मुंबईला शेवटच्या पिवळ्या पानावर शिक्का बसला. 63 वस्तू गेल्या, 63 परत आल्या. ट्रॉलीवर पेट्या लावताना कॅमेरामन त्याची पेटी घ्यायला बाहेर उभाच होता.

पुढच्या प्रवासाच्या यादीचं काम सुरू केलं आहे. यावेळी पुस्तकं दोन, एसएसडी आठ, आणि ट्रायपॉडच्या दोन्ही हेडना रंगीत टेप लावून ठेवली आहे.