गाडी रेझ होते, पण पळत नाही: क्लच, इंजिन की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स?

केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढत जावा आणि गाडीने मात्र जागच्या जागी रेंगाळावे, असा अनुभव आला की गॅरेजमध्ये जाऊन आपण एकच वाक्य बोलतो: "गाडी नुसती रेझ होते, पळत नाही." ते ऐकताच बहुतेक ठिकाणी क्लच प्लेट गेल्याचे निदान होते आणि गिअरबॉक्स उतरवण्याची तयारी सुरू होते. माझ्या मते खरी गफलत त्या वाक्यातच आहे, कारण त्याखाली दोन अगदी उलट दोष लपलेले असू शकतात. एका दोषात इंजिनाची ताकद शाबूत असते, पण ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्यात मुळात ताकदच तयार होत नाही आणि आपल्याला ऐकू येतो तो ओझ्याखाली कण्हणाऱ्या इंजिनाचा आवाज. पहिल्याचे औषध दुसऱ्याला दिल्यास पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या उपकरणाची, गरज नाही. डॅशबोर्डवरचे दोन काटे पुरेसे आहेत. मॅन्युअल गाडीत क्लचवरून पाय पूर्ण काढलेला असताना प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण ठरलेले असते. समजा, आपल्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाला काटा २,००० वर असतो, तर ६० च्या वेगाला तो ३,००० च्या आसपासच असला पाहिजे. ॲक्सिलरेटर जोरात दाबताच काटा एकदम ३,००० कडे उडाला आणि वेग मात्र ४२-४३ वरच घुटमळला, तर क्लच घसरतो आहे. उलट दोन्ही काटे एकमेकांना धरून, पण कूर्मगतीने चढत असतील, तर क्लच निर्दोष आहे आणि शोध इंजिनात घ्यावा लागेल. ही चाचणी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर घ्यावी, कारण क्लचवरचा ताण तिथे सर्वाधिक असतो आणि घसरण प्रथम तिथेच उघड होते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्या कुणाला तरी काट्यांवर लक्ष ठेवायला सांगून ती करणे शहाणपणाचे. सकाळी दहा वाजता साकीनाक्याला हा प्रयोग करू नये.

दुसरी प्रसिद्ध चाचणी उभ्या गाडीची: हँडब्रेक घट्ट ओढायचा, पायाने ब्रेक दाबून ठेवायचा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच बऱ्यापैकी पकड धरतो. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे, हे निश्चित समजावे. मात्र क्लच थोडासाच घसरू लागला असेल, तर या चाचणीत तो उत्तीर्ण होतो आणि चढावर नापास होतो, म्हणून मी पहिल्या चाचणीला अधिक वजन देतो. ही दुसरी चाचणी एकदाच करावी, समोर माणूस किंवा भिंत नसताना करावी आणि ऑटोमॅटिक गाडीत करूच नये.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण मी स्वतः चुकलो आहे. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकने खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवरही मान टाकली, तेव्हा उपनगरातील एका गॅरेजने क्लच सेट बदलायला सांगितला आणि मी काटे न पाहता होकार दिला. नवा सेट बसल्यावर पेडल लोण्यासारखे हलके झाले, पण पिकअप होता तसाच राहिला. दोष होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारा भाग, चोंदल्याचा: धूर बाहेर पडायला वाट नव्हती, त्यामुळे इंजिनाला नवी हवा घेता येत नव्हती. अशा गाडीचे इंजिन एका टप्प्यानंतर न्यूट्रलमध्येही मोकळेपणाने फिरत नाही, ही खूण मला त्या वेळी ठाऊक असती तर बरे झाले असते. ही शंका असल्यास पहिला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी गेज लावावा आणि एक्झॉस्टमधील दाब मोजून घ्यावा. गिअरबॉक्स उतरवण्याच्या तुलनेत हे काम किरकोळ आहे.

क्लचच्या बाजूने बोलणाऱ्या इतर खुणा अशा: पेडल पार वर आल्यावरच गाडी हलते, चढ चढून आल्यावर जळका, करपट वास येतो, आणि घसरण आधी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जाणवून हळूहळू खालच्या गिअरपर्यंत उतरते. गाडीला केबलचा क्लच असेल, तर खर्चाचा विचार करण्याआधी पेडलचा मोकळा खेळ तपासून घ्यावा. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो, आणि तो अजिबात उरला नाही तर क्लच कायम थोडासा दाबलेला राहून घसरतो. काही वेळा केवळ केबल सैल केल्याने गाडीला आणखी काही महिने मिळतात. पावसाळ्यातील एक अपवादही लक्षात ठेवावा. हिंदमाता किंवा मिलन सबवे येथील साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर क्लचच्या कवचात पाणी शिरून काही वेळ घसरण होऊ शकते. ती सुकल्यावर गेली, तर लगेच प्लेट बदलण्याची घाई नको.

इंजिनाच्या बाजूच्या खुणा निराळ्या असतात. चेक इंजिनचा दिवा, गाडीला बसणारे झटके, डिझेल गाडीत काळा धूर किंवा टर्बोच्या पाइपमधून येणारी हवेची फुसफुस, आणि आरपीएमचा काटा विशिष्ट आकड्यापुढे जायलाच नकार देणे, म्हणजे लिंप मोड (बिघाड दिसल्यावर संगणकाने इंजिनाची ताकद मुद्दाम रोखणे). एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी साठवणारा फिल्टर असतो. दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो पुरेसा तापत नाही, त्यामुळे काजळी जळत नाही, फिल्टर भरतो आणि इंजिन ताकद आवरते. या दोषांचे कोड संगणकात नोंदले जातात, उदाहरणार्थ टर्बोचा दाब कमी पडल्याचा पी०२९९. मॅन्युअल क्लचच्या घसरणीचा मात्र सहसा कोणताच कोड येत नाही. म्हणून "स्कॅनरमध्ये काही नाही" हे उत्तर इंजिन निर्दोष असल्याचा पक्का पुरावा नसले, तरी संशय क्लचकडे वळवायला पुरेसे आहे.

मुंबईतील निम्म्या शंका ज्या एका बटणाने फिटाव्यात, ते सीएनजीचे बटण. गॅसवर गाडीची ओढ पेट्रोलपेक्षा थोडी कमी असतेच, आणि स्पार्क प्लग जुने झाले किंवा गॅसचा फिल्टर भरला की ती आणखी घटते. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवर ती नीट पळाली तर क्लचचा प्रश्न तिथेच निकालात निघतो, कारण घसरणाऱ्या प्लेटला टाकीत कोणते इंधन आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. उलट इंजिनाने जास्त ताकद लावली तर ती अधिकच घसरते.

ऑटोमॅटिक गाड्यांचा विषय वेगळा आहे, कारण "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार निराळी यंत्रे विकली जातात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात रुळलेल्या एएमटीत (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) मॅन्युअलचाच कोरडा, म्हणजे तेलात न बुडवलेला, क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. त्यामुळे तिची प्लेट तशीच झिजते आणि दोन काट्यांची चाचणी तिलाही लागू पडते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे चालक तिचे आयुष्य झपाट्याने संपवतात. कोरड्या क्लचची डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, रांगत्या वाहतुकीत तापते. तिने इशारा दिल्यास गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी. ठरावीक गिअर नसलेल्या, प्रमाण सलग बदलणाऱ्या सीव्हीटीत आधी इंजिन चढते आणि वेग मागून येतो, हा दोष नसून तिचा स्वभाव आहे. मॅन्युअल सोडून सीव्हीटी घेणाऱ्या अनेकांना पहिल्याच आठवड्यात गाडी बिघडल्याचा भास होतो. त्यांनी शोरूममधील त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह घेऊन तुलना करावी. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे तेलाच्या माध्यमातून ताकद पोहोचवणाऱ्या पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना काटा मध्येच वर उडणे, किंवा डी मध्ये टाकल्यावर गाडीने उशिरा हालचाल करणे, ही चिंतेची लक्षणे आहेत. तिथे प्रथम ऑइलची पातळी आणि रंग पाहावा. तपकिरी, करपलेल्या वासाचे ऑइल आतल्या क्लच पॅकची झीज सांगते. पी०७३० हा चुकीच्या गिअर प्रमाणाचा कोड येथे उपयोगी पडतो.

आता गाडी न्यायची कुठे? मॅन्युअल किंवा केबल क्लचच्या जुन्या गाडीसाठी मी ओळखीचे गॅरेज निवडेन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या भागात सुटे भाग आणि हात दोन्ही जवळ असतात, आणि तेथील अनुभवी मेकॅनिकला दहा मिनिटांची फेरी मारताच प्लेट कळते. डीसीटी, सीव्हीटी किंवा वॉरंटीतील एएमटी असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही, कारण क्लच नेमका कुठे पकडतो तो बिंदू गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवणे आणि नेमक्या तापमानाला ऑइलची पातळी तपासणे यांसाठी कंपनीचे उपकरण लागते. इंजिनाचा संशय असेल, तर ज्याच्याकडे स्कॅनरसोबत दाब मोजायचे गेजही आहे, असा माणूस शोधावा. केवळ कोड वाचून सेन्सर बदलत जाणारा महागात पडतो.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर मजुरीचा मोठा भाग त्याच कामाचा असतो. त्यामुळे एकट्या प्लेटवर काटकसर करू नये. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबत घ्यावे, फ्लायव्हील डोळ्यांनी पाहावे. जुनी प्लेट हातात मागून घ्यावी. ती तेलकट असेल, तर दोष झिजेचा नसून इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलचा आहे, आणि सील न बदलता बसवलेली नवी प्लेटही तेलात भिजेल. तोवर घसरत्या क्लचची गाडी सपाट रस्त्याने गॅरेजपर्यंत हळू नेता येते, घाटात मात्र नेऊ नये. ऑटोमॅटिक गाडी घसरू लागली असेल, तर ती चाकांवर ओढून न नेता फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी.